खटके सरांची फेरी

"मेल्यावर तरी मानसानं लोकांच्या खिडक्या सोडाव्या," म्हणत रंगूबाईनं खिडकीची कडी खाडकन लावली. "जित्तेपनी गावाला निवांत बसू दिलं न्हाय. आता जाऊन म्हैना झाला, तरी फिरतंय!"

ओल्या बारदानावर नागवेलीची पानं निवडत बसलेल्या सुनेनं, सुप्रियानं, मान वर केली नाही.

हायस्कूलच्या खटके सरांची फेरी निमगाव केतकीत लहानथोरांना माहीत होती. दिवेलागणीला सर काठी घेऊन निघायचे. परीक्षेचं पोर असलेल्या घराच्या खिडकीवर काठी दोनदा वाजायची. आतून "आहे सर" आलं आणि पोर पुस्तकाला बसलं की पुढचं घर. नाही बसलं, तर सर तिथंच उभे. रागावणं नाही, हाक मारणं नाही. रंगूबाईचा मुलगा अजित दहावीला असताना तिनं त्याला पानमळ्यात पाणी धरायला धाडलं होतं. तो येऊन पुस्तक उघडेपर्यंत सर थंडीत हलले नव्हते. निवृत्तीनंतरही फेरी चुकली नाही. सर गेले तेव्हा मिशा पिकलेले बाप्ये पोरांसारखे रडले.

टक. टक.

"आहे सर," मोबाईलमध्ये बघत अजित म्हणाला.

"कुनाला बोललास?"

"मी? मी कुठं काय बोललो, आई?"

तो खोटं बोलत नव्हता. म्हणूनच रंगूबाईच्या अंगावर काटा आला. ती उंबऱ्यात आली. गल्ली मोकळी होती. पलीकडच्या घरातून ट्रॅक्टरवाल्या नागेशचा आवाज आला, "आहे सर." मग त्याच्या पुढच्या घरातून मेडिकलवाल्या दिग्विजयचा. म्हातारा माणूस काठी टेकत चालेल, तेवढ्या सावकाश तो शब्द घरोघर सरकत गेला. येईल-जाईल त्याच्यावर भुंकणारं कुत्रं मध्येच उठलं, कुणाला वाट द्यावी तसं बाजूला झालं आणि शेपटी हलवत पुन्हा बसलं.

रंगूबाईनं दार लावून घेतलं.

शनिवारी घरात गडबड होती. दुसऱ्या दिवशी बारामतीहून पाव्हणे यायचे होते. मुलगा कंपनीत, घर पक्कं, माणसं तोलामोलाची. बारावीतल्या नातीला, संस्कृतीला, सुप्रिया हिरवी साडी नेसवून बघत होती. पुस्तकं सकाळीच माळ्यावर गेली होती. "परीक्षा दिली काय अन् न दिली काय," असं रंगूबाईनं ठरवलं होतं. "शिकू दे की तिला," असं अजित एकदाच म्हणाला होता. "तू शिकून काय उजेड पाडलास?" एवढ्यावर तो विषय मिटला होता.

टक. टक.

"आहे सर," अजित म्हणाला.

नंतर काहीच झालं नाही. नागेशकडून आवाज आला नाही. गल्ली गप्प राहिली. सुप्रियाचा हात निऱ्यांवर थांबला.

टक. टक.

"आहे सर," अजित पुन्हा म्हणाला. या वेळी त्याचं त्यालाच ऐकू आलं. तो पांढराफटक पडला.

पलीकडचं दार उघडलं.

"काकी!" नागेशनं दबक्या आवाजात हाक दिली. "तुमच्याकडंच थांबल्यात का?"

"कोन थांबल्यात?"

"आता तुमाला काय सांगायचं, काकी!" त्यानं दार ओढून घेतलं.

"थांबा म्हनावं! रातभर थांबा!" रंगूबाई भिंतीकडं बघून ओरडली. "माझं घर हाय. माझी नात हाय."

खिडकीपलीकडं कुणीतरी पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतल्यासारखी माती करकरली. बस्स, तेवढंच.

रंगूबाईनं नातीकडं पाहिलं. पोरगी अर्धवट साडीत उभी होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, भीतीही नव्हती. घरातली सगळी माणसं खिडकीकडं बघत होती. ती एकटी आजीकडं बघत होती.

"सोड ती साडी," रंगूबाई सुनेला म्हणाली. "अजित, शिडी लाव. पुस्तकं काढ खाली."

अजितनं धूळ झटकून पुस्तकं पुढ्यात ठेवली. संस्कृती तशीच, पायात साडीचा घोळ घेऊन बसली आणि तिनं पान उलटलं.

रंगूबाईनं पदर डोक्यावर घेतला. कडी काढून खिडकी सताड उघडली. बाहेर अंधार पडत होता आणि कुणीही नव्हतं.

"लई हट्टी मानूस तुमी, सर," ती त्या मोकळ्या जागेला म्हणाली. "बारामतीकरांना न्हाय म्हनून सांगते मी सकाळी. शिकंल ती. जावा फुडं आता, त्यो नागेश खोळंबलाय."