मोडक्या कानाचा माणूस

नाथाजी फळा वाचत होता, आणि त्याचे वाचून होईपर्यंत वाचनालयातला एकही माणूस पान उलटत नव्हता.

तो सावकाश वाचायचा. ओठ हलत, बोट खडूच्या अक्षरांखालून सरकत जाई, आणि बोट थांबले की बाकावरच्या वाचकांचे श्वासही थांबत. बाहेर मिरज जंक्शनात शंटिंगचे इंजिन डबे आदळत होते. एक धडक, मग डब्याडब्यांतून लांबत जाणारे तिचे कण्हणे. आत तेवढाच आवाज होता. काउंटरमागे उभ्या असलेल्या मिलिंदच्या मुठीत खडूचे दोन तुकडे झाले होते आणि ते त्याला ठाऊक नव्हते.

मिलिंदचा हा फळा मिरजेत प्रसिद्ध होता. दर महिन्याला दिल्लीहून कॉमिकांचा नवा संच रेल्वे पार्सलने येई. तो यायच्या आठ दिवस आधी, मागच्या अंकातल्या जाहिराती पाहून, मिलिंद फळ्यावर आपले निकाल लिहून टाकी: कशासाठी नंबर लावावा, कशाकडे ढुंकूनही पाहू नये, कोणत्या नायकाला आता सुखाने मरू द्यावे. रेल्वेतल्या गँगमनचा हा मुलगा मराठीत एम.ए. झालेला, नव्या कवितेच्या वह्या उशाशी घेऊन झोपणारा. नोकरी लागेपर्यंत म्हणून तो या दुकानात बसला, आणि नोकरी लागली नाही, कीर्ती मात्र लागली. मुखपृष्ठावरून हा आतली कथा ओळखतो, असे लोक म्हणत. पुस्तक हातात न घेता निकाल देणे, हा त्याचा अभिमान होता.

त्या गुरुवारी फळ्यावर असे होते, शेजारी ‘आडरान’चे हस्तपत्रक चिकटवलेले:

‘पोलादी घुबड, अंक एकेचाळीस. जरूर घ्या. या खेपेला घुबडाचा एक डोळा फुटणार आहे, आणि चित्रकाराला रक्त काळे काढण्याची अक्कल आली आहे. लाल रक्त पोरांसाठी असते.

सातवा फास. रांगेत उभे राहू नका. जाहिरातीत सात माणसे लटकतात आणि एकाचाही दोर ताणलेला नाही. ज्याला दोराचे वजन कळत नाही, त्याने मरण काढू नये.

आडरान. मराठी. सांगलीत छापले जात आहे. चित्रे जोतीराम मेटकरी, आटपाडी. माझी पहिली निवड. गुडघे टेकलेल्या माणसावर कुऱ्हाड उगारणारा हा खलनायक पाहा. त्याच्या तोंडावर राग नाही, सराव आहे. आणि तो मोडका कान पाहा. असा कान कल्पनेतून येत नाही. तो मिरजेत कुणाला आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी गालातल्या गालात हसावे.’

शेवटच्या ओळीखाली नाथाजीचे बोट थांबले. मग ते वर गेले आणि त्याच्या स्वतःच्या डाव्या कानाला लागले. कुस्तीत चुरगळून, पिळलेल्या कणकेसारखा घट्ट झालेला कान. तो मूळचा पलूसचा. मिरजेत त्याची तालीम होती, गावाबाहेर खडीची खाण होती. गेल्या वर्षी त्या खाणीच्या पाण्यात एक मजूर सापडला होता. मानेवर कुऱ्हाडीचा घाव होता. घाव सगळ्यांनी पाहिला. बोलले कोणी नाही. मिलिंदला वाटले होते, आपण बोललो. ती ओळ लिहिताना त्याच्या पाठीतून एक गार, गोड शिरशिरी गेली होती. कवितेतली शेवटची ओळ सापडावी तशी.

“कुणी लिवलं?” नाथाजीने विचारले.

“मी. पण चित्र...”

“चित्र कुणाचं?”

“जोतीरामचं.”

“कुठं घावंल?”

हा एक क्षण होता. ‘तो कान तुमचा, हे माझ्या डोक्यातून आलं, माझ्या दोस्ताचा, जोतीरामचा, त्यात काही संबंध नाही,’ एवढे एक वाक्य. वाक्यांवर जगणाऱ्या त्या माणसाला ते सापडले नाही.

“सांगलीला,” तो म्हणाला. “गणपती पेठेच्या मागं. कृष्णातचा छापखाना.”

“शाबास,” नाथाजी म्हणाला. “शिकलेला हायस. पत्ता नीट सांगतोस.”

जीप सुरू झाल्याचा आवाज आला. बाकावरून स्वप्ना उठली. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि घुबडाचा एकही अंक तिने चुकवला नव्हता. “अरे, बघत काय उभा राहिलास? जा ना जोतीरामकडं!”

मिलिंदने आधी फळा पुसला. कोरड्या फडक्याने पुसला, मग ओल्या फडक्याने. अक्षरे गेली तरी पुसत राहिला. त्यानंतर त्याने सांगलीची बस धरली.

छापखान्याच्या दारात कृष्णात बसला होता, नाकातून रक्त गळत, चष्म्याची एक काडी हातात धरून. आत ट्रेडल मशीन चालू होते. त्याचे लोखंडी जबडे उघडत, मिटत, उघडत, मिटत. एरवी त्यात एकेक कागद सरकवायचा आणि मिटायच्या आत हात काढून घ्यायचा, एवढेच त्या यंत्राचे शास्त्र. खाली जमिनीवर ‘आडरान’चे छापील ताव पसरले होते आणि त्यांवर चिखलाच्या बुटांचे ठसे होते.

जोतीरामला दोघांनी धरले होते. तिसऱ्याने त्याचा उजवा हात मनगटापासून सरळ केला होता, जसा सुतार फळीला रेघेत आणतो.

“म्या तुमाला काढलं न्हाई, अण्णा,” जोतीराम म्हणत होता. “आईशप्पत न्हाई. तुमाला म्या कवा बघितलं पन न्हाई.”

“फळ्यावर लिवलंय की,” नाथाजी म्हणाला. तो ओरडला नाही. मशीनच्या ठेक्यात बोलला. “सगळी मिरज वाचतीया. खाणीतला मुडदा बी काढला असशील आत?”

“त्यो कान तुमचा न्हाई वं!”

“मग कुणाचा?”

जबडे उघडले. मिलिंद दारात उभा होता. त्याने तोंडही उघडले. जबडे मिटले.

हाड मोडते तेव्हा ओली काटकी मोडल्यासारखा आवाज होतो, असे त्याने कुठल्याशा अंकाबद्दल फळ्यावर एकदा लिहिले होते. ते खोटे होते. मशीनच्या धडधडीत कसलाच आवाज झाला नाही. यंत्र जरासे अडखळले, मग त्याने पुन्हा ठेका धरला, आणि दुसऱ्यांदा मिटले. त्यानंतर किंकाळी आली. ती जोतीरामची आहे हे कळायलाही वेळ लागला, कारण तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर मुखपृष्ठाचा ठसा उमटलेला होता: काळ्या शाईत कुऱ्हाड, काळ्या शाईत कान, आणि त्यावरून वाहत जाणारे लाल.

नाथाजीने खाली पडलेल्या एका तावाला बूट पुसले आणि तो मिलिंदच्या अंगावरून, त्याला ओळख न दाखवता, बाहेर गेला.

मिरजेच्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी स्वप्नाने मिलिंदला जोतीरामच्या खाटेपाशी नेले. “दोन बोटं काढली,” तिने दारातच हळू आवाजात सांगितले. “उरलेली वाकतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. त्याला ते अजून सांगितलं नाही. पण त्याला कळलंय.”

जोतीराम छताकडे पाहत होता. चार वर्षे त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, आणि पाट्यांच्या उरल्यासुरल्या रंगांत ‘आडरान’ची बत्तीस पाने.

“कृष्णातनं हे दिलं,” मिलिंद म्हणाला. “एवढंच शाबूत राहिलं.” काखेत मूळ चित्रांची गुंडाळी होती.

“वाचलंस?”

“आता. येताना. बसमध्ये.”

“म्हंजे तवा वाचलं नव्हतंस.”

“तुझं हस्तपत्रक तेवढं पाहिलं होतं.”

जोतीरामने पहिल्यांदाच मान वळवली. मिलिंदने सगळ्यात वरचे चित्र उलगडून पांघरुणावर ठेवले. मूळ रंगीत चित्रात गुडघे टेकलेल्या माणसाच्या गळ्यात दोर होता. झाडाला बांधलेला, तणावाने ताठ, इतका खरा की हाताला त्याचे वजन कळावे. कुऱ्हाड माणसावर उगारलेली नव्हतीच. ती दोरावर येत होती. हस्तपत्रक एका रंगात छापताना ब्लॉकच्या, म्हणजे छपाईच्या ठशाच्या, रेघांत शाई भरली, आणि दोर काळ्या झाडाच्या काळ्या बुंध्यात बुडून गेला. दोराचे वजन न कळणाऱ्याने मरण काढू नये, असे लिहिणाऱ्याला दोर दिसलाच नव्हता.

“त्यो माझा बाप हाय, मिल्या,” जोतीराम म्हणाला. “तात्याबा. मेंढरं राखताना दरवडेखोरांनी एका गड्याला झाडाला बांधलं हुतं, त्याला त्येनं सोडवलं. एकट्यानं. कान जवानीत कुस्तीत मोडला. लहानपणी त्यो कान धरून मी झोपायचो. त्येला तू खलनायक केलंस.”

“पत्ताही मीच दिला,” मिलिंद म्हणाला.

“ठावं हाय. मला धरलं तवाच त्येनी सांगितलं. तुझा शिकलेला दोस्त लय गुणाचा हाय, म्हणालं.”

“मी फळा पुसला रे. त्याच दिवशी.”

“पुसलास म्हंजे मिटलं व्हय? लोकांनी वाचलं त्ये कशानं पुसशील?” त्याचा आवाज वर चढला आणि वेदनेने पुन्हा खाली आला. “हाताचं बोलू नगंस. हात माझा हाय, त्येचं मी बघंन. मंगळवारी बाप येतोय, आटपाडीच्या गाडीनं. त्येला अक्षर येत न्हाई. पर फळ्याचं त्येच्या कानावर गेलंय. पयल्यांदा तिथंच जाईल, आन् कुणाला तरी म्हणंल, वाचून दाव. काय वाचून दावतील त्येला?”

मिलिंदने चित्र पुन्हा गुंडाळले.

“जिथं लिवलं हुतंस तिथंच खरं काय त्ये लिव. खडूनं. मोठ्या अक्षरात. भ्या वाटत आसंल तर तसं सांग, म्हंजे मी वाट बघायचा न्हाई.”

मिलिंदला भीती वाटत होती. ट्रेडलचा ठेका त्याच्या झोपेत शिरला होता, उघडे, मिटे. स्वतःची उजव्या हाताची बोटे तो रात्रंदिवस चाचपून पाहत होता. तरीही सोमवारी सकाळी त्याने दुकान उघडले, फळा काउंटरवरून काढून रस्त्याच्या तोंडाला लावला, आणि लिहिले:

‘आडरान. माझी पहिली निवड अजूनही हीच. मागे जे लिहिले ते मी पुस्तक न वाचता लिहिले. मोडक्या कानाचा माणूस खलनायक नाही. तो नायक आहे. त्याचे नाव तात्याबा मेटकरी, आणि तो दोर तोडतो आहे. दोर मला दिसला नाही. हे पुस्तक या महिन्यात येणार नाही, कारण ज्या हाताने ते काढले तो हात मशीनमध्ये घालून चिरडला. चिरडणाऱ्याचे नाव नाथाजी. पत्ता देणाऱ्याचे नाव मिलिंद.’

शेवटचा शब्द लिहिल्यावर त्याला शिरशिरी आली नाही. हातातला खडू तेवढा ओला झाला होता.

दुपारच्या आत बातमी तालमीत पोहोचली असावी. जीप थांबली. बाकावरची माणसे एकेक करून पुस्तके ठेवून निघून गेली. स्वप्ना तेवढी उठली नाही. नाथाजी फळ्यासमोर उभा राहिला. पुन्हा ते ओठ, पुन्हा ते अक्षरांखालून सरकणारे बोट. जंक्शनात डबे आदळले.

“अण्णा,” मागचा पहिलवान म्हणाला, “फळा याच्या डोस्क्यात घालू का?”

नाथाजीने हात वर केला. त्याचे बोट एका नावापाशी थांबले होते आणि तिथून हलत नव्हते.

“ह्यो तात्याबा,” तो म्हणाला. “आटपाडीचा? मेंढरंवाला?”

“हो.”

“डाव्या पायात लंगडतोय?”

“लंगडतात. पोरानं चित्रातही तसंच काढलंय.” मिलिंदने गुंडाळीतले चित्र काढून काउंटरवर पसरले.

नाथाजी वाकला. बराच वेळ चित्राकडे पाहत राहिला. बोलला तेव्हा आवाज त्याच्या नेहमीच्या जागेवरून येत नव्हता.

“दिवाळी झाली की आमच्या पलूसच्या रानात ह्येची मेंढरं बसायची. खतासाटनं. म्हयना म्हयना. सांजच्याला ह्यो मला बांधाखालच्या मऊ मातीत धरायचा. मी बारा-तेरा वर्सांचा. पयला डाव ह्येनंच शिकवला. ह्यो कान...” बोट डाव्या कानाकडे गेले आणि वाटेतच थांबले. “ह्येच्याच काखंत मोडला. रडाय लागलो तवा म्हणाला, रडतोस कशाला, गड्या. माझ्यावाणी झाला की तुझा. आता तू माझा पोरगा.”

पहिलवानांनी एकमेकांकडे पाहिले. कोणी हसले नाही.

मिलिंद काउंटरमागून बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदाच तो नाथाजीसमोर, मध्ये काही न ठेवता उभा होता.

“ते उद्या येताहेत,” तो म्हणाला. “आटपाडीच्या गाडीनं. आधी इथं येतील, हा फळा वाचून घेतील. मग पोराकडं जातील. हात बघतील. वाचून दाखवणारा मीच असेन, अण्णा. तुमचं नाव आलं की ते मला विचारतील, नाथाजी म्हणजे कोणता? पलूसचा का? काय सांगू त्यांना?”

नाथाजीने फळ्याकडे पाहिले. स्वतःच्या नावाशी त्याचा हात गेला. पंजा एका फटकाऱ्यात ते पुसू शकला असता. तो तसाच अधांतरी राहिला, बोटाच्या टोकावर खडूची पांढरी धूळ घेऊन.

“सांगा ना,” मिलिंद म्हणाला. “काय सांगू?”

नाथाजी वळला. जीपचे दार त्याच्यासाठी उघडे धरले होते. तो त्यात बसला नाही. जीप तशीच मागे टाकून, डावा कान तळव्याने झाकून घेत, तो स्टेशनच्या रस्त्याने चालत निघून गेला.