हशा ओसरेपर्यंत

देवगडच्या दक्षिणेस, खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे, आमच्या गावची माध्यमिक शाळा आहे. तेथील संस्कृत मंडळाचे काम निवृत्तीनंतरही माझ्याकडेच राहिले होते. सन दोन हजार तीनच्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या संस्कृत नाट्यस्पर्धेसाठी मी एक लहानसे नाटक रचले. कथानक साधे होते. राजाच्या कामगिरीवर समुद्रात गेलेला एक नाविक परत येत नाही. त्याची पत्नी दरबारात उभी राहून तो कोठे आहे असे विचारते, आणि राजापाशी उत्तर नसते.

नाविकपत्नीची भूमिका मी आरोहीला दिली होती. ती नववीत होती. तिची आई सुभद्रा बंदरावरच्या लिलावात मासळी घेऊन गावोगाव विकीत असे. आरोहीचे उच्चार निर्मळ होते. विसर्ग आणि अनुस्वार तिच्या मुखी आपापल्या जागी बसत. सुभद्रेला याचे कौतुक होते, पण ते ती उघडपणे दाखवीत नसे. "भाव संस्कृतात सांगलंस तर गिऱ्हायकां पाया पडान जातली गो, बांगडो कोण घेतलो?" असे ती लेकीला माझ्यादेखत म्हणाली होती.

तालमीच्या दुसऱ्याच आठवड्यात आरोही मध्येच थांबली. राजा झालेला दहावीतील नितेश तिच्या संकेताची वाट पाहत उभा होता. तिने मला विचारले, "गुरुजी, ही बाय घोवाक जेवक वाडताना पण संस्कृत बोलता?"

नवऱ्याला वाढतानाही संस्कृत, या कल्पनेने मुले हसली. मला मात्र प्रश्न योग्य वाटला. मी त्यांना सांगितले की प्राचीन नाटकांत सर्व पात्रे संस्कृत बोलत नाहीत. राजा, मंत्री, पुरोहित संस्कृत बोलतात; बहुतेक स्त्रिया आणि सामान्य जन आपापली प्राकृत बोलतात, आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटत नसे. मी रचलेल्या नाटकात तसे नव्हते, कारण आज प्राकृत समजणार कोणाला? त्यावर आरोही म्हणाली,

"मगे आमची प्राकृत म्हणजे मालवणीच नाय?"

त्या संध्याकाळी मी तिची संस्कृत वाक्ये खोडली. नवी वाक्ये तिनेच केली. चारच होती, आणि त्यांत एकही शब्द बदलावा असे मला वाटले नाही. स्पर्धेच्या नियमांत भाषा संस्कृत असावी असे लिहिले होते. परंतु ज्या परंपरेच्या नावाने ती स्पर्धा भरते, तिनेच ही मुभा दिलेली आहे, असे माझे मत होते आणि आजही आहे.

मुख्याध्यापक जितेंद्र सरांना हे पटले नाही. ते याच गावचे, घरी मालवणीच बोलणारे. नियमभंगापेक्षा त्यांना दुसरीच काळजी होती. ते म्हणाले की आपल्या बोलीला लोकांनी हसण्याची सवय लावून घेतली आहे. रंगमंचावर मालवणी शब्द आला की पुढे काय आहे हे न ऐकताच सभागृह हसते. प्रवेश शोकाचा आहे, मुलगी रडत परत येईल. शिवाय शाळेच्या काचेच्या कपाटात अनेक वर्षांत एकही नवा चषक आलेला नव्हता, ही व्यथाही त्यांनी बोलून दाखवली. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून मी आरोहीला त्यांच्या खोलीतच बोलावले आणि सरांनी तिला स्पष्ट विचारले, "लोक हसले तर काय करशील?"

"थांबतलंय."

"कुठवर?"

"त्येंचा हसना संपासर."

दाराशी उभा असलेला नितेश म्हणाला, "मगे जेवणाचो डबो वाडीव घेवक व्हयो." सरांनाही हसू आवरले नाही. त्यांनी परवानगी दिली असे म्हणता येणार नाही. त्यांनी विषय सोडून दिला. सुभद्रेच्या कानावर ही वार्ता गेली तेव्हा तिने लेकीला एवढेच ऐकवले, "मालवणी बोलाक येष्टीचा भाडा कित्याक खर्चतंस? हय लिलावात ये, व्हयी तितक्या बोल."

स्पर्धा जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला होती. सभागृह जिल्हाभरातील विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी भरले होते. आमचा प्रयोग दुपारच्या जेवणानंतरचा होता. प्रत्येक प्रयोगाला वेळेची मर्यादा होती; ती संपत आली की इशाऱ्याची आणि संपली की अंतिम घंटा वाजे. आरंभ चांगला झाला. नितेशचे संस्कृत थोडे घाईचे होते, तरी राजाचा तोरा त्याला साधला होता. मग आरोही आली. साधे लुगडे, अंगावर दागिना नाही. ती दरबाराच्या मध्यभागी उभी राहिली आणि म्हणाली, "म्हाराजा, माजो घोव तुज्या कामाक गेलो."

सभागृहात हास्याचा लोट उसळला. त्यात दुष्टावा नव्हता. ओळखीचे माणूस अनपेक्षित ठिकाणी भेटावे, तसे ते हसत होते. मागच्या बाकांवरून कोणीतरी "घोव गेलो" अशी नक्कल केली आणि हशा पुन्हा वाढला.

आरोही गप्प झाली. वेळ वाया जातो आहे हे पाहून नितेशने आपले वाक्य सुरू केले. "भद्रे, धैर्यं धारय," म्हणजे बाई, धीर धर, असे राजा तिला सांगतो. त्याचे "भद्रे" उच्चारून होते न होते तोच तिने तळहात वर केला. तो थांबला. ती प्रेक्षकांकडे पाहत उभी राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणीही नव्हती.

जितेंद्र सर माझ्याजवळ पडद्याच्या दोरीपाशी उभे होते. त्यांनी मला खुणेने दोरी दाखवली. मी हात पाठीमागे बांधले.

हशा थोडा ओसरला तेव्हा तिने पहिल्यापासून आरंभ केला. "म्हाराजा, माजो घोव तुज्या कामाक गेलो. होडी इली." होडी आली, एवढेच झाले आणि पुन्हा काही जण हसले; आता मात्र हसणाऱ्यांकडे इतर लोक वळून पाहू लागले. ती पुन्हा थांबली. इशाऱ्याची घंटा वाजली, ती तिने ऐकली, आणि तरीही हलली नाही. अखेर सभागृहात शांतता पसरली. तेव्हा तिने तिसऱ्यांदा तीच वाक्ये त्याच आवाजात म्हटली आणि या वेळी पूर्ण केली.

"म्हाराजा, माजो घोव तुज्या कामाक गेलो. होडी इली. तो इलो नाय. तो खंय आसा, ता माका सांग."

शेवटच्या वाक्यावर अंतिम घंटा वाजली. घंटेचा नाद विरेपर्यंत नितेश थांबला, मग मान खाली घालून म्हणाला, "न जाने." मला ठाऊक नाही. त्याचा तोरा कोठल्या कोठे गेला होता. मी दोरी ओढली.

निकाल सायंकाळी लागला. मुख्य परीक्षक विद्वान आणि सौजन्यशील गृहस्थ होते. आमच्या नाटकाने वेळेची मर्यादा ओलांडली आणि भाषेचा नियम मोडला, म्हणून ते सांघिक क्रमवारीत धरलेले नाही, असे त्यांनी सांगितले. यात आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते. मग ते हसून म्हणाले की, एका मुलीने मात्र आज सभागृहाला मनसोक्त हसवले, तिची दखल घेतलीच पाहिजे. विनोदी भूमिकेचे पारितोषिक त्यांनी आरोहीच्या नावे जाहीर केले.

टाळ्या वाजल्या. जितेंद्र सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काही तरी पदरात पडले होते. आरोही मंचावर गेली, परीक्षकांना वाकून नमस्कार केला आणि चषकाकडे हात न नेता उभी राहिली. ध्वनिक्षेपक त्यांच्यासमोरच होता, त्यामुळे तिचे बोलणे सर्वांना ऐकू गेले.

"सर, मी विनोद करूक नाय."

ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाळ, मालवणी म्हटली की लोक हसणारच. त्यात कमीपणा कसला?"

"त्या बायचो घोव मेलो काय जितो आसा, ता तिका म्हायत नाय. शेवटाक कोण हसूक नाय, सर. तुमी आयकलास मा?"

परीक्षकांनी समोरच्या गर्दीकडे पाहिले, मग हातातल्या चषकाकडे. आरोहीने पुन्हा नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून आपल्या बाकावर येऊन बसली. निवेदकाने घाईने पुढचे नाव पुकारले.

सभागृह रिकामे होत असता एक कार्यकर्ता तो चषक घेऊन जितेंद्र सरांकडे आला. मुलगी लहान आहे, चषक शाळेच्या नावे न्या, कपाटात शोभेल, असे त्याचे म्हणणे होते. सरांनी चषक हातात घेऊन त्यावरची अक्षरे वाचली. ती वाचायला त्यांना गरजेपेक्षा अधिक वेळ लागला. मग त्यांनी तो परत केला.

"भूमिका तिची होती," ते म्हणाले, "आणि तिका नको आसा."

कार्यकर्त्याशी ते तोवर प्रमाण मराठीत बोलत होते. आम्ही बाहेर आलो तेव्हा देवगडची गाडी थांब्यावर लागली होती. आरोही केव्हाच चढली होती आणि खिडकीतून हात हलवीत होती.

"गुरुजी, हय येवा. दोघांका जागा धरलंय."

सरांनी माझी पिशवी उचलली आणि ते माझ्या आधी गाडीत चढले.