चिमूटभर

तपासणीचा अहवाल हॉटेलच्या दर्शनी भागात लावावा, असा नियम आहे. मालकाने तो पाळला होता. फक्त अहवालापुढे एक कुंडी ठेवून त्याने तिच्यातलं झाड चांगलं फोफावू दिलं होतं. सगळे शेरे बरे होते, एक सोडून: ‘चाखलेला चमचा पुन्हा पातेल्यात.’ सलग दोन वर्षं हेच. तिसऱ्यांदा आलं की हॉटेलला टाळं.

चमचा मालकाच्या आईचा, आणि हॉटेलही मुळात तिनेच उभं केलेलं. गुडघे कुरकुरायला लागल्यावर तिने एकेक काम सोडलं, पण तिने चाखल्याशिवाय सूप बाहेर जात नसे. चमचा बुडवायचा, चाखायचं, “चिमूटभर हवं” म्हणायचं आणि चमचा पुन्हा आत. ती हे रोज म्हणे, म्हणून मालक लहानपणापासून मीठ चिमूटभर कमीच घालत आला होता. सगळी पोरं माझ्या उष्ट्यावर वाढली, तेव्हा हे तपासणारे कुठे होते, असा तिचा सवाल. तिला स्वयंपाकघरात येऊ नकोस म्हणायची मालकाची छाती नव्हती.

शेवटी त्याने पेलाभर चमचे आणले. एकदा चाखलं की चमचा थेट सिंकमध्ये. रोज तालीम झाली. आई नाक मुरडत शिकली.

तपासणीच्या दिवशी तपासनीस बाई पातेल्याला खेटूनच उभ्या राहिल्या. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. आईने स्वच्छ चमचा घेतला, चाखलं, “चिमूटभर हवं” म्हणाली आणि चमचा सिंकमध्ये टाकला. मालकाने चिमूटभर मीठ घातलं. बाईंनी लिहिलं: ‘चाखण्याची पद्धत उत्तम.’ मालकाचा जीव भांड्यात पडला.

दुपारी सूपचे बाउल परत यायला लागले. पहिलं गिऱ्हाईक किरकिरं असेल, असं त्याला वाटलं. चौथा बाउल आल्यावर त्याने स्वतः चाखून पाहिलं. धांदलीत तो मीठ घालायलाच विसरला होता. पातेलंभर सुपात ती चिमूट तेवढी होती.

आई सिंकपाशी स्टुलावर बसून चमचे पुसत होती. तो समोर येऊन उभा राहिला, तशी मान वर न करता म्हणाली, “मागे तो मोठा ताप आला ना, तेव्हापासून जिभेला काही कळत नाही रे. पण चाखायचंही सोडलं, तर इथे येऊ कशाला?”

मालकाला फार वाईट वाटलं. तोही फडकं घेऊन चमचे पुसायला बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने दारातली कुंडी बाजूला सरकवली. आत येऊन सुपात मीठ घातलं, आईची पाठ वळलेली असताना चाखलं आणि चमचा सिंकमध्ये टाकला. मग पेल्यातला दुसरा चमचा तिच्यापुढे धरला.

“आई, मीठ बघतेस?”

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग चमच्याकडे. सावकाश चाखलं.

“चिमूटभर हवं,” ती म्हणाली.

तेवढंच त्याने कमी घातलं होतं.