रगत

मित्रांनो, व्हरांड्यात कोपऱ्यात ढकललेली, एक चाक कुरकुरणारी ही चाकांची खुर्ची म्हणजे मी. डोंबिवलीजवळच्या एका सरकारी दवाखान्याला मी देणगीत मिळाले. माझ्या पाठीवर दात्यांचं नाव माझ्या आकारापेक्षा मोठं रंगवलंय. नवी होते तेव्हा फोटोसाठी इथले मोठे डॉक्टर साहेबसुद्धा माझ्यावर बसले. पुढे पायपट्टी तुटली आणि माझ्यावर जुने पडदे-चादरी साठू लागल्या.

परवा आयाबाई शकूने त्या झटक्यात खाली टाकल्या. मानपाड्याला चायनीजच्या गाडीवर काम करणारा लोकेंद्र बायकोला उचलून घेऊन आला होता. सातवा महिना. तिला माझ्यावर बसवलं, तसा तिने माझा हात घट्ट धरला आणि ती म्हणाली, "रगत... रगत आयो."

"आगो बाय, रगत म्हनते! आपलाच शब्द की गो," शकू म्हणाली आणि मला केसपेपरच्या खिडकीशी पळवलं.

"आधार कार्ड?" खिडकीतल्या आसावरी मॅडमनी विचारलं. "गाव कुठलं?"

"खडवली," शकूने ठोकून दिलं. "माज्या भावजयीची बहीन हाय. कार्ड मागून आनते."

मॅडमना खोटं कळलं होतं. तरी त्यांनी मान खाली घालून 'खडवली' टाइप करायला घेतलं.

तेवढ्यात लोकेंद्रने हात जोडले. दवाखान्यात खोटं बोललं तर बायकोला बाधेल, असं वाटलं असेल बिचाऱ्याला. "नहीं मॅडम, हमारा घर नेपाल में है. दैलेख."

मागे साहेब उभे होते. "परदेशी? कागद नाहीत? मग ठाण्याला न्या, मोठ्या हॉस्पिटलात."

"साहेब, तवर ती टिकंल का?"

"मला वरून विचारतात हो, शकूबाई."

मॅडमनी टाइप केलेलं पुसलं. "शकू, सगळ्यांनी ऐकलं गं," एवढंच म्हणाल्या.

"मेल्या," शकू लोकेंद्रला म्हणाली, "एवढा एक दिवस आमच्या गावचा झाला असतास!"

लोकेंद्रच्या बायकोला रिक्षात घालताना तिची बोटं माझ्या हातावरून सुटेनात. शकूने एकेक करून सोडवली. मग माझी बैठक पुसली, पुन्हा पुसली, आणि ओलं फडकं तसंच हातात धरून उभी राहिली.

ती ठाण्याला पोचली का, मला ठाऊक नाही. मला कोण येऊन सांगणार?

मित्रांनो, माझ्या चाकाला तेल नाही घातलंत तरी चालेल. पण माझ्यावर रक्ताळलेलं माणूस बसलेलं दिसलं, तर त्याला आधी आत न्या. गाव मग विचारा. दार समोर होतं, उघडं होतं. मला एकटीला जाता आलं असतं ना, तर मी कुणाला विचारलं नसतं.