ध्रुवावरचं वादळ ऐकणारा रिसीव्हर

मित्रांनो, चामोर्शीच्या तुमच्या शाळेत विज्ञानाच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं, की अगदी खालच्या कप्प्यात एक करडा, कोपऱ्यात चेपलेला डबा दिसतो. त्याच्यावर तुम्ही कधी चुंबकं ठेवता, कधी जेवणाचे डबे. तो मी. मी एक जुना रिसीव्हर आहे. रेडिओच्याच जातीचा, पण मला गाणी कधी ऐकू आली नाहीत. माझं सगळं आयुष्य आभाळ ऐकण्यात गेलं. तेही इथलं आभाळ नाही, तर पृथ्वीच्या पार तळाशी, दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावरचं.

माझा जन्म एका स्वच्छ, थंडगार कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी माझ्या पोटात बारीक बारीक तारा जोडल्या. मग मला एका पेटीत बंद करून जहाजावर चढवलं. कित्येक दिवस मी हेलकावे खात होतो. पेटी उघडली तेव्हा समोर बर्फाशिवाय काही नव्हतं. तिथे आपल्या देशाचं एक संशोधन केंद्र आहे. केंद्रापासून जरा बाजूला, वारा अडवणाऱ्या खडकाच्या आडोशाला, एका खोपीत मला बसवलं. माझी अँटेना छतावर उभी राहिली. पालथ्या वाडग्यासारखी दिसायची ती.

तुमच्या डोक्यावर, ढगांच्याही खूप वर, हवा फार विरळ होत जाते. उन्हाच्या माऱ्याने तिथले कण फुटतात आणि विजेने भारले जातात. अशा भारलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. एरवी तो सावकाश वाहतो. पण सूर्यावर मोठा उद्रेक झाला, की तिथून सुटलेला झोत येऊन पृथ्वीच्या चुंबकी कवचावर आदळतो, आणि मग ध्रुवावरच्या प्लाझ्माला पूर येतो. दिवसाच्या बाजूचा प्लाझ्मा ओढला जाऊन ध्रुवावरून रात्रीच्या बाजूला धावतो आणि तिथून दोन्ही कडांनी वळून परत येतो. खाली माणसाला वारासुद्धा लागत नाही. पण उपग्रहांकडून येणारे संदेश त्या पुरातून खाली उतरताना थरथरतात, क्षीण होतात, कधी तुटूनच जातात. ते कुठे थरथरले, कुठे तुटले हे टिपायचं, एवढंच माझं काम होतं. माझ्या नोंदींवरून वरचा पूर कुठून कुठे चालला आहे ते शास्त्रज्ञांना कळे. त्या काळी माझं कौतुक होतं. मोठ्या सभांमध्ये माझ्या आलेखांची चित्रं दाखवली जात.

अनेक माणसांनी मला सांभाळलं, पण मी सांगणार आहे ती दुर्गाची गोष्ट.

दुर्गा इथलीच. चामोर्शीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गोंड वस्तीतली. वडील ती लहान असतानाच वारले. आई नीलाबाई मोहफुलं वेचायची, चारोळी फोडायची आणि इथल्या बाजारात आणून विकायची. धाकटा भाऊ प्रफुल्ल शेती बघायचा. दुर्गा शिकली, इंजिनिअर झाली आणि वर्षभराच्या मुक्कामासाठी ध्रुवावर आली. तिथे एकदा हिवाळा लागला, की जहाज येत नाही आणि विमानही उतरत नाही. आलेल्या माणसाला उन्हाळ्याची वाट पाहावीच लागते.

केंद्राच्या लहान उपग्रह फोनची अँटेना माझ्याच खोपीच्या छतावर होती, म्हणून घरी बोलायला सगळे माझ्याकडे येत. दुर्गा आली की खुर्ची ओढून माझ्याजवळ बसायची. पलीकडे नीलाबाई नेटवर्क मिळावं म्हणून टेकाडावर जाऊन उभी असायची. मायलेकी गोंडीत बोलत, भावाशी मात्र दुर्गा गावच्या मराठीत बोले. मला गोंडीतलं एक अक्षर कळत नसे, पण नीलाबाई हसली की फोनमध्ये खरखर व्हायची, तेवढं ओळखीचं झालं होतं.

मे महिना आला, म्हणजे तिकडे हिवाळ्याची सुरुवात. तिकडे सूर्य क्षितिजाला जेमतेम घासून खाली जाऊ लागला होता. आधीच्या आठवड्यात हिमवादळाने केंद्राची मोठी डिश अँटेना वाकवली होती, त्यामुळे बाहेरच्या जगाशी बोलायला तो लहान फोन तेवढा उरला होता. आणि अशातच सूर्याकडून ते वादळ आलं. तुम्ही कदाचित बातम्यांत ऐकलं असेल, त्या वेळी लडाखमध्येसुद्धा आकाश तांबडं झालं होतं.

मी तसं आभाळ कधी ऐकलं नव्हतं. एकामागून एक उपग्रह माझ्या कानातून निसटत होते. दुर्गा सकाळीच धावत आली, टोपीवरचा बर्फही न झटकता पडद्यासमोर बसली. केंद्राची डॉक्टर नूतन नागपूरची होती. ती घरी फोन लावत होती. बोलता बोलता आवाज चिरकला आणि फोन मेला.

"गेला," नूतन म्हणाली. "आत्ता तर चांगला लागला होता."

दुर्गाने टाळीच वाजवली. "जाणारच! हे पाहा ना डॉक्टर, पूर बरोबर आपल्या डोक्यावरून चालला आहे. फोन तुटला म्हणजे किती जोर असेल याले!" ती हसत होती. आनंदात असली की तिच्या तोंडी गावची बोली यायची. तो सगळा दिवस तिने माझ्यासमोर काढला. जेवायलासुद्धा गेली नाही. अशा नोंदी मिळाव्यात म्हणून माणसं आयुष्यभर वाट पाहतात, असं ती नूतनला सांगत होती, आणि ते खरंही होतं. मला माझा अभिमान वाटत होता.

दोन दिवसांनी वर शांतता झाली. फोन सुरू होताच पहिली घंटी वाजली ती प्रफुल्लची.

"कुठी होती तू?" तो ओरडलाच.

"इथीच होतो रे. काऊन, का झालं?"

मग त्याने सांगितलं. नीलाबाई परवा पहाटे बायांसोबत तेंदूची पानं तोडायला गेली होती. झुडपात अस्वल होतं. बाया ओरडत धावल्या, तेव्हा अस्वल पळालं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिला दवाखान्यात नेलं. एक दिवस आणि एक रात्र ती शुद्धीवर होती.

"तुझंच नाव घेत होती," प्रफुल्ल म्हणाला. "मी फोन लावू लावू थकलो. काल माती देली."

"प्रफुल्ल, इथी वादळ होतं रे. आभाळात. फोन बंद होता."

"कोनतं वादळ? इथी तर कडक ऊन होतं." त्याचा आवाज एकदम थंड झाला. "गावात समदे विचारून राह्यले, दुर्गी कुठी हाय म्हणून. आता का सांगू त्याइले?"

त्याने फोन ठेवला. दुर्गाने फोन जागेवर ठेवला. मग तिने माझ्या पडद्याकडे पाहिलं. ज्या पुराने तिचा फोन तोडला, तोच पूर मी तिथे सुंदर रेघांनी काढून ठेवला होता, आणि तिने तो हसत हसत पाहिला होता. तिने पडदा बंद केला आणि ती बाहेर गेली.

त्यानंतर ती खोपीत यायची ती फक्त फोनपुरती, माझ्याकडे पाठ करून. घरी जायला वाट नव्हती. गावी दहावं झालं, तेराव्याला वस्ती जेवली, आणि ती मात्र बर्फात अडकून होती. फोन करायची, पण प्रफुल्ल बोलत नसे; मग तिने खोपीत येणंच सोडलं. काही दिवसांनी सूर्य उगवायचाच थांबला. भर दुपारीही काळोख. माझ्या अँटेनावर बर्फाचा थर चढत गेला, वायरीला चीर पडली. माझ्या कानाला दडे बसले. कुणी पुसलं नाही, कुणी विचारलं नाही. मित्रांनो, उपेक्षा काय असते ते मी तेव्हा शिकलो. पण मला दुर्गाचा राग आला नाही. ज्याच्याकडे पाहिलं की आईचं मरण आठवतं, त्याची निगा कोण राखील?

एके दिवशी नूतनच तिला घेऊन आली. नूतनच्या वडिलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया व्हायची होती.

"दुर्गा, त्यांना आत नेण्याआधी मला त्यांच्याशी बोलायचं आहे. सूर्यावर पुन्हा काहीतरी झालंय म्हणतात. फोन कधी चालेल आणि कधी नाही, हे तुझ्याशिवाय इथे कोण सांगणार?"

"मले नका विचारू, डॉक्टर."

नूतन तशीच दारात उभी राहिली. थंडी आत येत होती. दुर्गाने तिच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातली लाकडी खुरपणी उचलली आणि ती छतावर चढली. बर्फ खरवडल्याचा आवाज मला बराच वेळ येत होता. तिने नवी वायर ओढली, मला चालू केलं. माझ्या रेघा उमटू लागल्या तेव्हा ती खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.

"आत्ताच लावा," ती नूतनला म्हणाली. "दुपारनंतर भरोसा नाही."

नूतन वडिलांशी बोलली, मनसोक्त बोलली. दुपारी फोन खरोखरच तुटला. त्या दिवसापासून दुर्गा रोज सकाळी माझ्याजवळ बसे आणि न्याहारीच्या वेळी सगळ्यांना सांगे, आज केव्हा घरी बोलून घ्यायचं. तिचा अंदाज कधी चुकला, बहुतेक वेळा बरोबर आला. लोक तिचे आभार मानत. ती नुसती मान हलवायची. स्वतः मात्र कुणालाच फोन करत नसे. माझ्यासमोर ती पुन्हा कधी हसली नाही.

तिकडच्या पुढच्या उन्हाळ्यात जहाज आलं. थंडीने माझ्या पोटातला एक भाग कायमचा निकामी झाला होता. मला मोडीत काढलं. दुर्गाने वरिष्ठांना विनंती करून मला मागून घेतलं आणि सोबत गावी आणलं.

वस्तीत आम्ही पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. प्रफुल्ल अंगणात दोरी वळत बसला होता. त्याने बहिणीकडे पाहिलं, बस म्हणाला नाही, पण उठून तिला पाणी आणून दिलं. तिने मला जमिनीवर ठेवलं.

"हा डब्बा कायले आणला?"

"तुले दाखवाले. ते वादळ यानं ऐकलं होतं."

दुर्गा त्याच्यासमोर मातीत बसली आणि बोटाने रेघा काढू लागली. "आपल्या धानाच्या बांधीचं पाणी जोरात फुटलं, तर त्याच्यातून पलीकडचं काही दिसते का? सगळं हलते. तसं वर झालं होतं. तुझा फोन त्या पान्यातून यायचा होता. तो खाली पोचलाच नाई रे. माह्या इथी एकदाही घंटी वाजली नाई."

प्रफुल्लने दोरी खाली ठेवली. त्याने त्या रेघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा उतरत गेला.

"एकदाही नाई?"

"नाई."

"ताई," तो हळू म्हणाला. त्या दिवसानंतर त्याने तिला पहिल्यांदाच ताई म्हटलं होतं. "माय घडी घडी विचारत होती, दुर्गी का म्हणते म्हणून. मी वैतागलो होतो. मी तिले सांगतलं, मी लावून राह्यलो माय, पण दुर्गी उचलत नाई."

दुर्गाने मान वर केली. "मंग? माय का म्हणाली?"

"काईच नाई. भिंतीकडं तोंड केलं. त्याच्याबाद तिनं विचारलंच नाई."

शेजारच्या दारात एक कोंबडी माती उकरत होती. दुर्गाने कपाळावर हात ठेवला. मग ती म्हणाली, "तुले कसं ठाऊक असन रे." प्रफुल्ल लहान पोरासारखा रडू लागला. ती उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला खरा, पण तिची नजर दूर, टेकाडाकडे होती.

बहीणभावांचं बोलणं सुरू झालं. दुर्गा नोकरीवर परत गेली, जाताना तुमच्या शाळेत येऊन तिने मुलांना ध्रुवाची माहिती सांगितली आणि मला इथे ठेवून गेली. प्रफुल्ल बाजाराच्या दिवशी कधी शाळेच्या फाटकापर्यंत येतो. एकदा आत येऊन त्याने मला पाहिलंही. पण ती दोघं आता आईचा विषय काढत नाहीत, असं त्याने सरांना सांगितलेलं मी ऐकलं.

मित्रांनो, मी आता आभाळ ऐकू शकत नाही. माझ्यावरची धूळ पुसली तर बरं वाटेल, नाही पुसली तरी चालेल. पण एवढी एक गोष्ट माझ्यासाठी करा. आपल्या माणसाचा आवाज आपल्यापर्यंत पोचला नाही, तर ते माणूस आपल्याला विसरलं असं लगेच धरून चालू नका. दोघांच्या मध्ये केवढं आभाळ असतं आणि त्यात काय काय वाहत असतं, ते खालून दिसत नाही. आणि कुणी आजारी, थकलेलं माणूस वाट पाहत असेल, तर त्याला 'उचलत नाही' असं कधी सांगू नका. 'लागत नाही' म्हणा. शब्दाचाच तर फरक आहे.

नीलाबाईच्या कानावर तो दुसरा शब्द पडला असता, तर तिने भिंतीकडे तोंड केलं नसतं.