दात आणि दाद

उच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून तिची नेमणूक झाली ती हंगामी. दोन वर्षं काम बघायचं, पसंत पडलं तर कायम, नाहीतर पुन्हा वकिली. मुदत संपत आली आणि नेमका सरकारविरुद्धचा खटला तिच्यापुढे आला. नदीकाठची भाजीमंडई पाडून तिथे वाहनतळ करायचा बेत होता, अन् गाळेवाल्यांना साधी नोटीसही दिलेली नव्हती. तिला कायम करताना सरकारचाही शब्द विचारात घेतला जाणार होता.

थोरल्या भावाने फोन करून तारीख पुढे ढकलायचं सुचवलं. ती म्हणाली, "दादा, खटल्याविषयी बोलायचं असेल तर फोन ठेवते. जेवलास का ते सांग."

सरकारी वकील लांबण लावण्यात पटाईत. तिने त्यांना मनसोक्त बोलू दिलं, मधूनमधून प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली. मग निकाल दिला: नोटीस दिल्याशिवाय मंडईला हात लावायचा नाही.

संध्याकाळी मात्र तिचा चेहरा उतरला. या कामात तिचा जीव गुंतला होता. नवरा दातांचा डॉक्टर. म्हणाला, "दवाखान्याची मागची खोली रिकामीच आहे. तिथे वकिली कर. पाटी लावू, पुढे दात काढून मिळतील, मागे दाद मागून मिळेल."

बऱ्याच दिवसांनी ती पोट धरून हसली.

कायम झाल्याचा हुकूम आला तेव्हा सुनावणी चालू होती. कारकुनाने हळूच चिठ्ठी पुढे सरकवली. तिने वाचली, पालथी ठेवली आणि समोरच्या वकिलाला पुढे बोलायला सांगितलं. तिचे शब्द मात्र दोनदा अडखळले.

शपथविधीनंतर सरकारी वकील अभिनंदनाला आले. तिच्याबद्दल वरून त्यांनाही विचारणा झाली होती, असं त्यांनीच सांगितलं.

"मग काय सांगितलंत?" तिने विचारलं.

"हरलो, हे सांगितलं. पण माझं सगळं ऐकून घेऊन मग हरवलं, हेही सांगितलं. एवढं ऐकून घेणारं माणूस आमच्या घरीसुद्धा नाही."

तिने हात जोडले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई काठी टेकत आली. ती चांगलीच नाराज होती.

"एवढीशी शपथ? मी चष्मा पुसेपर्यंत संपलीसुद्धा. पुन्हा एकदा घे बघू."

न्यायाधीशबाईंनी तिथेच, आईपुरती, पहिल्या शब्दापासून पुन्हा शपथ घेतली.