खालचा जबडा जरा पुढे

"घोरून दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीवर आडवा झालेला क्रेनवाला बायकोकडे बघायला लागला. भर दिवसा, दोन बायकांसमोर मुद्दाम घोरायचं, म्हणजे त्याला कसंसंच झालं. बायको मात्र गालातल्या गालात हसत होती.

हे सगळं एका दाढेवरून सुरू झालं होतं. दाढेत भरलेलं सिमेंट सारखं पडतंय म्हणून तो आला, तर बाईंनी दाढ बाजूलाच ठेवली. दात झिजून सपाट, जिभेच्या कडांवर दातांचे वळ, मागे घशाची वाट अरुंद. झोप नीट लागते का, असं त्यांनी विचारलं आणि ते त्याला नेमकं दुखऱ्या जागी लागलं. गोदीत सगळे त्याला डुलकीराव म्हणत. क्रेनच्या केबिनमध्ये एकदा त्याचा डोळा लागला होता, तेव्हा वर कंटेनर लटकत होता आणि खाली माणसं होती. खालच्यांनी बोंब ठोकली म्हणून निभावलं. तेव्हापासून त्याला हत्यारांच्या खोलीत बसवलं होतं. बिछान्याला पाठ टेकली की झोप, आणि सकाळी अंग ठेचून काढल्यासारखं. आपण मुळातच आळशी, अशी त्याने मनाची समजूत घालून घेतली होती.

तेव्हा उत्तर बायकोने दिलं होतं. "घोरतात त्याचं काही नाही हो. ते मधेच थांबतं ना, तेव्हा मी उठून बसते. श्वासच नसतो. मग मी हलवते, की पुन्हा सुरू."

"रोज हलवता?"

"रोजच."

क्रेनवाल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचं ढोसणं त्याला सकाळी आठवत नसे, आणि आधीच खचलेल्या माणसाला कशाला घाबरवायचं म्हणून तीही बोलली नव्हती.

आजार ठरवणं आपलं काम नाही, असं सांगून बाईंनी त्याला झोपेच्या डॉक्टरांकडे धाडलं. तिथे अंगाला तारा लावून तपासणी झाली. झोपेत त्याचा घसा मिटत होता, श्वास अडत होता, पुन्हा पुन्हा. आधी हवा सोडणारं मशीन मिळालं, पण नाकावर मुखवटा चढवला की त्याचा जीव घाबरा व्हायचा. झोपेतच तो ओरबाडून काढायचा. आजार मध्यम होता, त्यामुळे त्याच डॉक्टरांनी त्याला पुन्हा दातांच्या बाईंकडे पाठवलं होतं.

शेवटी त्याने डोळे मिटले आणि घोरला. आवाज असा निघाला की बाहेरच्या बाकावरच्या पेशंटने आत डोकावून पाहिलं.

"आता खालचा जबडा जरा पुढे काढा. खालचे दात वरच्यांच्या पुढे. हं, आता घोरा."

त्याने जोर लावला. नुसती हवा गेली. पुन्हा जोर लावला, पुन्हा हवाच. तो उठून बसला आणि आपल्याच हनुवटीला हात लावून बघायला लागला. बायकोचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"जीभ जबड्याला धरून असते," बाई म्हणाल्या. "झोपेत जबडा मागे पडतो, तशी जीभही पडते आणि वाट बंद होते. त्याला पुढे धरून ठेवायचं, एवढंच आपल्याला करायचंय."

एवढंच! टनावारी ओझी उचलण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि त्याच्या छातीवर बसलेलं ओझं नखाएवढ्या अंतराने उतरणार होतं.

दातांचे साचे घेतले गेले. रात्री दातांवर चढवायच्या, वर एक, खाली एक अशा दोन पारदर्शक पट्ट्या आल्या, कडेला बारीक स्क्रूने जोडलेल्या. सुरुवातीला उशी लाळेने भिजायची, सकाळी जबडा आखडायचा, चहा होईपर्यंत दातांवर दात बसायचे नाहीत. बाई धीर देत आणि जबडा आणखी पुढे यावा म्हणून दर खेपेला स्क्रू केसभर फिरवत. घोरणं विरत गेलं. पट्ट्या तोंडात असल्या की तो बोबडं बोलायचा, आणि मुलगी त्याच्या नकला करायची. पट्ट्या लावून पुन्हा तपासणी व्हायची होती. क्रेनवर चढवायचं की नाही, ते गोदीचे डॉक्टर त्यानंतर ठरवणार होते.

अशातच एका सकाळी त्याला आपसूक जाग आली. पडद्यावर ऊन आलं होतं. डोकं इतकं हलकं होतं, की आपलं काहीतरी हरवलंय असं त्याला क्षणभर वाटलं. त्याने कूस बदलली.

बायको झोपली होती.

लग्न झाल्यापासून त्याने तिला झोपलेली पाहिलीच नव्हती. ती त्याच्यानंतर आडवी व्हायची, त्याच्या आधी उठायची. तिच्या कपाळावरची आठी त्याला तिच्या चेहऱ्याचाच भाग वाटत आली होती. आज ती तिथे नव्हती. खाली एक साधं, गुळगुळीत, अनोळखी कपाळ होतं. तिचा श्वास आत जात होता, बाहेर येत होता, कुणावरही लक्ष न ठेवता.

खाट करकरू नये म्हणून तो अंग चोरून उतरला आणि स्टुलावर बसला. पट्ट्या ठेवायच्या डबीचा आवाज होईल म्हणून त्याने त्याही तोंडातच ठेवल्या. मुलगी वेणीसाठी कंगवा घेऊन आली आणि दारातच थबकली. आईला बरं नाही का, असं तिने हळूच विचारलं.

"झोपयीये," तो म्हणाला.

मुलगी हसली नाही. कंगवा हातात धरून तीही बापाशेजारी उभी राहिली, बघत.